हार्ट फेल्युअरमधील बिघाडाची पूर्वसूचना : कृत्रिम बुद्धिमत्ता आणि वैद्याची वही

पायांवर सूज, जिना चढताना धाप आणि दोन उश्या घेतल्याशिवाय झोप न येणे, अशा तक्रारी घेऊन येणारा साठीचा रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाच्या चिकित्सालयात अधूनमधून येतोच. त्याच्या पिशवीत हृदयरोगतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्यांची चार-पाच पाकिटे असतात, एखादा जुना इको रिपोर्ट असतो आणि तोंडी 'वैद्यराज, सूज तेवढी उतरवा' अशी विनंती असते. हृदयरोगतज्ज्ञांना तो दोन-तीन महिन्यांनी एकदा भेटतो. आपल्याकडे मात्र पंधरा दिवसांनी फिरकतो. औषध दुकानदाराला तर आठवड्यातून एकदा दिसतो. तज्ज्ञांच्या दोन भेटींमधल्या या काळात रुग्णाची प्रकृती बिघडू लागली तर ते सर्वांत आधी कोणाच्या लक्षात यावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. गेल्या काही वर्षांत हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपविण्याचे प्रयोग परदेशात बऱ्याच गांभीर्याने झाले. त्यांतून आपण काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याचा विचार येथे केला आहे.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय अकस्मात बंद पडणे असा समज रुग्णांत सर्रास आढळतो. वस्तुतः शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलणे हृदयाला न जमणे, किंवा ते जमविण्यासाठी हृदयातील दाब अवाजवी वाढणे, ही ती अवस्था होय. आपल्या देशातील तिचे गांभीर्य तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील नोंदणीवरून ध्यानी येते. २०१३ मध्ये तेथील रुग्णालयांत या कारणास्तव दाखल झालेल्या १२०५ रुग्णांची नोंद ठेवून पुढे त्यांचा मागोवा घेण्यात आला. त्यांचे सरासरी वय ६१ होते. पाश्चात्त्य देशांतील रुग्णांच्या तुलनेत हे सुमारे दहा वर्षांनी कमी आहे. रुग्णालयातच शेकडा आठांहून अधिक दगावले आणि तीन वर्षांअखेर हे प्रमाण शेकडा ४५ च्या घरात गेले. कित्येक कर्करोगांच्या बरोबरीचा हा आकडा आहे. तरीही 'पायाला थोडी सूज आहे' या शब्दांत ही व्याधी आपल्यासमोर येते.

या व्याधीला एकच आयुर्वेदीय नाव चिकटविण्याचा आग्रह आम्ही धरणार नाही. हृद्रोग, श्वास आणि शोथ या तिन्ही प्रकरणांतील लक्षणे येथे एकत्र भेटतात, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

बिघाड कधी सुरू होतो?

रुग्ण धापा टाकत रुग्णालयात पोहोचतो तो दिवस बिघाडाचा अखेरचा दिवस असतो. त्याच्या कित्येक दिवस, बहुधा काही आठवडे, आधीपासून हृदयाच्या कप्प्यांतील आणि फुप्फुसाच्या धमनीतील दाब हळूहळू चढत असतो. मग रात्रीच्या विश्रांतीतली नाडी थोडी जलद होते, श्वासांची संख्या वाढते, छातीत द्रव साचू लागतो आणि रुग्ण नकळत कमी हालचाल करू लागतो. वजन त्यानंतर वाढते, तेही प्रत्येकात वाढतेच असे नाही. सूज आणि धाप यांचा क्रम सर्वांत शेवटी येतो.

ही मधली मुदत उपयोगी पडते, याचा सबळ पुरावा अमेरिकेतील 'चॅम्पियन' या चाचणीने २०११ मध्ये दिला. ५५० रुग्णांच्या फुप्फुसधमनीत दाब मोजणारा इवलासा संवेदक बसविण्यात आला. निम्म्या रुग्णांच्या डॉक्टरांना ते आकडे दररोज दिसत होते आणि लक्षणांची वाट न पाहता दाबावरूनच ते औषधांची मात्रा बदलत होते. सहा महिन्यांत या गटात हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झाले. येथे कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. आकडा होता आणि त्यावर निर्णय घेणारा माणूस होता. मात्र धमनीत संवेदक बसविणे ही खर्चाची आणि शस्त्रकर्माची बाब आहे. तेव्हा तीच वार्ता शरीराबाहेरील खुणांवरून मिळेल काय, हा प्रश्न पुढे आला आणि तेथे संगणकाची गरज भासली.

यंत्र नेमके काय पाहते?

प्रथम एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. व्याधी प्रथम ओळखणे आणि ज्ञात व्याधी बिघडत असल्याचे ओळखणे ही दोन निराळी कामे आहेत. वृत्तपत्रांतून येणाऱ्या बातम्यांत त्यांची सरमिसळ होते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेले काम पहिल्या प्रकारचे आहे. सुमारे ४५ हजार रुग्णांचे इसीजी आणि इको संगणकाला दाखवून, केवळ इसीजीवरून हृदयाची आकुंचनशक्ती घटल्याचे ओळखण्यास त्याला शिकविण्यात आले. पुढे २०२१ मध्ये २२ हजारांहून अधिक व्यक्तींवर त्याची प्रत्यक्ष व्यवहारात चाचणी झाली, तेव्हा ९० दिवसांत अशा रुग्णांचे निदान दर हजारी १६ ऐवजी २१ जणांत झाले. हे यश लहान दिसते. पण एरवी निसटलेच असते असे हजारी पाच रुग्ण साध्या इसीजीतून हाती लागले, हे लक्षात घ्यावे.

दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे बिघाड ओळखण्याच्या कामात दोन अभ्यास विशेष मननीय आहेत. 'मल्टिसेन्स' या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हृदयाला साहाय्य करणारे विद्युत्-उपकरण छातीत आधीच बसविलेले ९०० रुग्ण होते. त्या उपकरणातील संवेदकांकडून हृद्ध्वनी, छातीचा विद्युत्-रोध, श्वसनाची गती, रात्रीची नाडी आणि दिवसभराची हालचाल एकत्र करून एकच निर्देशांक काढण्यात आला. छातीत पाणी साचले की विद्युत्-रोध घटतो. हृदयातील भरणदाब वाढला की तिसरा हृद्ध्वनी ठळक होतो. यांपैकी एकेक खूण एकटी फसवी असते, सर्व मिळून एका दिशेस झुकल्या तर अर्थ निघतो. या निर्देशांकाने शंभरांपैकी ७० बिघाड आधी ओळखले, तेही मध्यमानाने ३४ दिवस आधी.

'लिंक-एचएफ' हा २०२० चा अभ्यास लहान, अवघ्या १०० रुग्णांचा होता. बहुतेक सर्व पुरुष, माजी सैनिक. त्यांच्या छातीवर चिकटपट्टीसारखा संवेदक लावला जाई आणि त्याची माहिती फोनमार्फत संगणकाकडे जाई. येथील युक्ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. संगणकाने रुग्णाची तुलना पुस्तकातील सरासरीशी केली नाही. त्याने त्या रुग्णाचीच सुरुवातीची स्थिती शिकून घेतली आणि पुढे प्रत्येक दिवशी 'हा माणूस आज स्वतःसारखा आहे काय?' एवढेच विचारले. पुन्हा दाखल होण्याच्या मध्यमानाने साडेसहा दिवस आधी इशारा मिळाला; पुढील रुग्णालयप्रवेशांपैकी शेकडा ७६ ते ८८ यांची चाहूल लागली.

इस्रायलमध्ये तर आवाजावर काम झाले आहे. रुग्णालयात दाखल झालेल्या ४० रुग्णांचा आवाज प्रवेशाच्या वेळी आणि सूज उतरल्यानंतर ध्वनिमुद्रित करून त्यांतील फरक संगणकाने ओळखला. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. फुप्फुसांत आणि स्वरमार्गात द्रव साचला की आवाजाचा पोत बदलतो, हे तत्त्व त्यामागे आहे. फोनवर रोज काही वाक्ये बोलणे कोणासही परवडण्याजोगे असल्याने या मार्गाचे आम्हांस कुतूहल आहे. पण उच्चार आणि लय भाषेगणिक बदलतात, म्हणून मराठी बोलणाऱ्या रुग्णांवर कसोटी लागल्याखेरीज असे साधन येथे वापरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इशारा मिळाला, पुढे काय?

येथे उत्साहाला आवर घालणारी हकिकत सांगितली पाहिजे. मल्टिसेन्समध्ये ज्यांचा उलगडा झाला नाही असे इशारे प्रत्येक रुग्णामागे वर्षाला सुमारे दीड, नेमके १.४७ होते. ऐकण्यास हे अल्प वाटते. समजा आपल्या देखरेखीखाली असे १०० रुग्ण आहेत. तर वर्षाला १४७, म्हणजे आठवड्याला जवळजवळ तीन निष्कारण इशारे आले. प्रत्येक वेळी फोन, तपासणी आणि कुटुंबीयांची धावपळ. चौथ्या महिन्यात त्या इशाऱ्याकडे कोण गांभीर्याने पाहील?

ही शंका काल्पनिक नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डॉट-एचएफ' चाचणीत ३३५ रुग्णांच्या छातीतील उपकरणास, द्रव वाढताच आवाज करून रुग्णाला सावध करण्याची सोय दिली होती. परिणाम उलटा झाला. इशारा ऐकून रुग्ण धास्तावले, तपासणीस अधिक वेळा आले आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण वाढले. मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. त्याआधी २०१० मध्ये अमेरिकेतच 'टेली-एचएफ' या चाचणीत १६५३ रुग्णांपैकी निम्म्यांना वजन आणि लक्षणे एका स्वयंचलित दूरध्वनी यंत्रणेला रोज कळविण्यास सांगितले होते. सहा महिन्यांत पुन्हा दाखल झालेले किंवा दगावलेले रुग्ण या गटात ५२.३ टक्के आणि नेहमीची चिकित्सा घेणाऱ्या गटात ५१.५ टक्के भरले. सात रुग्णांमागे एकाने तर त्या यंत्रणेस एकदाही फोन केला नाही.

मग जर्मनीत यश का आले? २०१८ च्या 'टिम-एचएफ२' चाचणीत १५७१ रुग्ण होते. घरी मोजायचे ते साधेच: वजन, रक्तदाब, इसीजी, रक्तातील प्राणवायू आणि 'आज कसे वाटते' याचे उत्तर. पण बर्लिन येथील शारिटे रुग्णालयातील केंद्रात दिवसरात्र डॉक्टर आणि परिचारिका बसलेल्या होत्या. आकडा बिघडला की त्याच दिवशी फोन, औषधाच्या मात्रेत बदल, रुग्णाच्या स्थानिक डॉक्टरांना निरोप. या गटात दर १०० रुग्ण-वर्षांमागे मृत्यू ११.३ ऐवजी ७.९ झाले. पुढे डिसेंबर २०२० मध्ये जर्मनीच्या आरोग्यविमा व्यवस्थेने या पद्धतीस मान्यता दिली. या चाचण्या शेजारी ठेवून वाचल्या तर भेद कोठे आहे ते दिसते. संवेदक किती सूक्ष्म होता यावर यश अवलंबून नव्हते; इशाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, निर्णयाचा अधिकार असलेला जागा माणूस होता की नाही, यावर ते ठरले.

षट्क्रियाकाल आणि आपली वही

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती आणि भेद हे सहा क्रियाकाल सांगितले आहेत. व्याधी व्यक्त होण्यापूर्वीच चिकित्सा करावी, हा त्याचा आशय आपण विद्यार्थिदशेपासून घोकत आलो. त्यावरून 'कृत्रिम बुद्धिमत्ता आमच्या संहितांत होतीच' असे म्हणण्याचा मोह काही व्यासपीठांवर होतो. त्याने टाळ्या मिळतात, रुग्णास काही मिळत नाही. क्रियाकालाची कल्पना आपल्याकडे आहे, पण रोजच्या मोजमापाची शिस्त आपल्या व्यवहारात फारशी उरली नाही, हे खरे. चरकाचार्यांनी वातज शोथ दिवसा बळावतो आणि कफज शोथ रात्री, दाबल्यावर एकात तो चटकन वर येतो आणि दुसऱ्यात येत नाही, इतके बारकाईने नोंदविले. आपल्यापैकी किती जणांच्या केसपेपरवर सूज कोणत्या वेळी पाहिली हे लिहिलेले असते?

यंत्राची युक्ती, म्हणजे रुग्णाची त्याच्या स्वतःशी तुलना, वहीतही साधता येते. रुग्णाची स्थिती उत्तम असतानाचे वजन पहिल्या पानावर ठळक लिहावे. पुढे रोज सकाळी मलमूत्रविसर्जनानंतर, काही खाण्यापिण्यापूर्वी, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत वजन करावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे, हा युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांचा प्रचलित निकष आहे. वजनाशेजारी दोनच नोंदी पुरेत: रात्री किती उश्या लागल्या आणि नेहमीचे एक काम करताना धाप लागली काय. हे काम ज्याचे त्याचे निराळे असावे. कोणाचा देवळाचा चढ, कोणाचे अंगण झाडणे. वाकल्यावर अर्ध्या मिनिटात धाप लागणे हे हृदयातील दाब वाढल्याचे लक्षण म्हणून २०१४ मध्ये वर्णिले गेले. आपल्याकडे जमिनीवर वाकून करण्याची कामे विपुल असल्याने हा प्रश्न विचारण्यास सोपा आहे. नाडी आणि श्वासांची संख्या आपण प्रत्येक भेटीत मोजतोच. ती नुसती 'ठीक' न लिहिता आकड्यात लिहावी.

वजनाच्या आकड्याचीही एक फसगत आहे. दीर्घकालीन रुग्णात मांसधातूचा क्षय होत असतो आणि त्याची जागा पाणी घेते. काटा तोच आकडा दाखवितो, रुग्ण मात्र आतून भरत चाललेला असतो. गालफडे बसलेली, दंड सुकलेले आणि वजन स्थिर, असा रुग्ण दिसल्यास समाधान मानू नये. पहिल्या पानावरचे 'उत्तम स्थितीतील वजन' दर दोन-तीन महिन्यांनी हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने नव्याने ठरवावे.

आमच्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांच्या वहीत गतवर्षी लागोपाठच्या चार सकाळी ६१.५, ६१.७, ६२.६ आणि ६३.६ असे आकडे होते. पायांवर सूज नव्हती, धाप नेहमीइतकीच होती आणि ते स्वतः 'काट्यात काही बिघाड असावा' असे म्हणत होते. चौकशी करता गुडघेदुखीसाठी पाच दिवस दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी घेत असल्याचे निघाले. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना दूरध्वनी केला. त्यांनी गोळी थांबविली, मूत्रल औषधाची मात्रा काही दिवसांपुरती वाढविली आणि क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासून घेतले. सहाव्या दिवशी वजन ६१.६ झाले. एका रुग्णावरून सिद्धांत ठरत नाही, परंतु येथे इशारा, कारणाचा शोध आणि अधिकारी व्यक्तीचा निर्णय ही साखळी कशी जुळते ते दिसते. साखळीतील मधली कडी, कारणाचा शोध, कोणत्याही संगणकाला आज रुग्णाच्या शेजारी बसून घेता येत नाही.

आपलीच औषधे आणि औषधालयाचे काउंटर

कारणाच्या शोधात आपल्या स्वतःच्या कपाटाकडेही पाहणे प्राप्त आहे. यष्टिमधूतील ग्लिसिरायझिन हे शरीरात सोडियम आणि पाणी धरून ठेवते, रक्तदाब वाढविते आणि पोटॅशियम घटविते. मूत्रल औषधे चालू असलेल्या रुग्णात पोटॅशियमची ही घट आणखी वाढते आणि डिगॉक्सिन घेणाऱ्यात ती थेट धोकादायक ठरते. खोकल्याच्या कित्येक योगांत यष्टिमधू असते. आणि या रुग्णाचा रात्रीचा खोकला पुष्कळदा फुप्फुसातील पाण्याचाच असतो, हे तर दुहेरी संकट. लवणभास्कर चूर्णासारखे लवणप्रधान योग टाळावेत. सैंधव पथ्यकर म्हणून रुग्ण ते सढळ हाताने घेतात. हृदयाच्या दृष्टीने तेही सोडियमच आहे. आसवारिष्टांतील मद्यांश आणि शर्करा यांचाही हिशेब ठेवावा. पुनर्नवा, गोक्षुर यांसारखी मूत्रल द्रव्ये आधुनिक मूत्रलांच्या जोडीने द्यावयाची झाल्यास हृदयरोगतज्ज्ञांना कळवून आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या पाहूनच द्यावीत.

अर्जुनाविषयी विचारणा हमखास होते. दिल्लीच्या एम्समध्ये १०० स्थिर रुग्णांवर नेहमीच्या औषधांच्या जोडीने अर्जुनाचा घनसार बारा आठवडे देऊन झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचणीत हृदयाच्या आकुंचनशक्तीत वाढ आढळली नाही; काही रुग्णांच्या कार्यक्षमतेत आणि लक्षणांत सुधारणा दिसली. म्हणजे जोडीला देण्यास वाव आहे, पण अर्जुनाच्या भरवशावर चालू गोळ्या बंद करण्यास कोणताही आधार नाही. विशेषतः बीटा-ब्लॉकर गटातील औषध एकाएकी थांबविणे घातक असते.

औषध दुकानदार बंधूंची भूमिका या सर्वांत मोठी आहे, कारण वेदनाशामक त्यांच्याच हातून जाते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणि त्यांच्या गटातील इतर गोळ्या पाणी धरून ठेवतात आणि मूत्रलांचा गुण मारतात. नियमित फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड नेणाऱ्या गिऱ्हाइकाने कंबरदुखीची गोळी मागितली, तर 'डॉक्टरांना विचारलेत काय?' एवढे विचारावे. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम असते. सर्दीच्या काही गोळ्यांनी नाडी आणि रक्तदाब वाढतो. आणखी एक खूण दुकानदारालाच दिसते: महिन्याच्या गोळ्या न्यायला रुग्ण दहा दिवस उशिरा आला, तर त्याने मधल्या काळात औषध घेतलेले नसण्याची शक्यता असते. कोणत्याही संवेदकाइतकीच ही खबर मोलाची आहे आणि तिला खर्च शून्य आहे.

पुढील काळात घड्याळे, पट्ट्या आणि फोनवरील आज्ञावली विकणारे प्रतिनिधी आपल्याकडे येतील. त्यांना हाकलून देण्याचे कारण नाही, पण 'अचूकता ९० टक्के' या शब्दांवर थांबू नये. किती दिवस आधी इशारा मिळतो, वर्षाला प्रत्येक रुग्णामागे निष्कारण इशारे किती, कसोटी कोणत्या रुग्णांवर लागली, त्यांत स्त्रिया आणि भारतीय किती होते, आणि रात्री दोन वाजता आलेला इशारा कोण वाचणार, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर उरलेल्यांची उत्तरे कितीही चांगली असोत, साधन घेण्याची घाई करू नये.

काही स्थितींत मात्र वही, यंत्र यांपैकी कशाचीच वाट पाहू नये. बसल्या जागी धाप, आडवे होताच गुदमरणे, फेसाळ किंवा गुलाबी कफ, छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे, ओठ निळसर होणे, नवा संभ्रम किंवा लघवी अगदी कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णास बसत्या स्थितीत ठेवावे. भोवळ येऊन पडला असल्यास मात्र आडवेच ठेवावे. तत्काळ १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि त्याच्यासोबत वजनाची वही व चालू औषधांची सर्व पाकिटे, आपण दिलेल्या औषधांच्या यादीसह, पाठवावीत.